पाचर

तोकोरोसान ओसाकाहून आले पहिल्या गाडीनं.
बास गिटारची पेटी टेबलावर ठेवली
आणि माझ्याआधी पेटीलाच वाकून नमस्कार केला.
म्हणाले, सत्त्याहत्तरची. इथलीच, मात्सुमोतोची.
आता अशी कोणी बनवत नाही.

मी आधी वजन करतो.
काटा भाजीवाल्याचा, दुकान मोडताना त्यानं दिलेला,
मुळ्यांची माती अजून त्याच्या खाचेत आहे.
चार किलो शंभर. खांद्याला सोसेल.

मग मान. बंदुकीसारखी डोळ्याला लावायची
आणि पडद्यांवरून नजर सोडायची थेट खुंट्यांपर्यंत.
मानेला पीळ असला की संपलं,
मग तिला कितीही मान द्या.
हिला पीळ नाही. जरासा बाक आहे,
ओळखीच्या माणसापुढे वाकतात तेवढा.

जाड तारेखाली, तिसऱ्या पडद्यावर खळगा.
कुणीतरी उभा जन्म तिथंच काढलेला दिसतो.
जांभळ्या दिव्याखाली रंग मूळचाच उजळतो,
फक्त खालच्या शिंगाजवळ एक ठिपका काळा राहतो:
पडली होती कधीतरी. लपवलंय.
आतलं सोल्डर राखाडी, कुणाचा हात न लागलेलं.

तोकोरोसान अभ्यास करून आलेत.
धड तीन तुकड्यांचं, म्हणाले, मुद्दाम,
जोडावरून कंपन कसं वळतं ते कारागीर जाणत होते.
(त्या महिन्यात होक्काइदोचा ट्रक आलाच नाही.
उरलंसुरलं चिकटवलं आम्ही.)
आणि ह्या पिकपचा आवाज असा भरलेला,
त्यामागे म्हणे गुप्त सूत्र होतं.
सूत्र म्हणजे फुरिहाताबाई.
तार गुंडाळताना रेडिओवर बेसबॉल ऐकायच्या,
संघ हरला की दोनशे वेढे जास्त.

खरंच आहे, तोकोरोसान.
आता असं करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात.

चार स्क्रू काढले. मान सुटून हातात आली.
खोबणीत पाचर होती.
तपकिरी कागदाची, दुहेरी घडी,
कडेला शाईतल्या एका आकड्याची शेपटी.
पगाराचं पाकीट.
कापणी उजवीकडून डावीकडे उतरत गेलेली,
उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली
की अशीच जाते.

बावीस वर्षांचा होतो.
खोबण मिलिमीटरभर खोल गेली होती
आणि याझाकी तपासनीस तीन टेबलांवर आला होता.
खिशात पाकीट, पाकिटात अजून सगळा पगार.
त्या दिवसाचं बाकी काही आठवत नाही,
जेवायला काय होतं, बाहेर बर्फ होता का.
एवढंच की याझाकीनं मान हलवून पाहिली
आणि शिक्का मारला.

हे काय? तोकोरोसान खाली वाकले.
नंतर कुणी घातलंय का?
नंतरचं असेल तर किंमत उतरते,
हे त्यांना ठाऊक आहे, मलाही.

मूळचंच आहे, मी म्हणालो.
कशावरून?
कागद त्या वेळचा आहे.

त्यांनी त्याचा फोटो काढला. दोन काढले.
मी मेपलची नवी पट्टी कापायला घेतली होती,
नीट, निमुळती, जशी तेव्हाच घालायला हवी होती.
परत ठेवून दिली.
लोकांच्या व्यवहारात पाचर मारायचं माझं वय नाही,
आणि ही तर आधीच मारून झालेली.

कागद होता तिथंच बसवला.
स्क्रू आळीपाळीनं, तिरके, थोडे थोडे.
चिठ्ठीवर आकडा लिहिला: दोन लाख ऐंशी हजार येन.
त्यांना वाटलं होतं त्याहून कमी,
मला वाटतं त्याहून जास्त.
झाकली मूठ.

वाजवून बघू? त्यांनी विचारलं.
अँप लावला. त्यांनी उघडी जाड तार छेडली,
डोळे मिटून, नको तेवढ्या जोरात,
आणि शेजारी रिकाम्या काट्याची सुई
शून्यावरून हलली,
जरा वेळ थरथरत राहिली,
काहीतरी ठेवल्यासारखी.